एकतीस हात दोर

त्या वर्षी सिलासबाबांचा मुक्काम करंजवाडीला होता. कोरड्या माळावरचे लहानसे गाव. तिथल्या ख्रिस्ती देवळाच्या पडवीत बाबा राहत आणि उपासना झाली की ज्याचे जे दुखणे असेल ते ऐकून घेत.

एके दिवशी दोर वळणारा नथानेल त्यांच्यापुढे येऊन रडू लागला. माणूस सोन्यासारखा, पण जीभ म्हणजे निखारा! रागाच्या भरात तो बायकोला, सलोमीला, नको नको ते बोलायचा. दोनदा ती माहेरी गेली होती. आता तिने सांगितले होते, पुन्हा शिवी ऐकली तर परत येणार नाही.

बाबा म्हणाले, "राग आला की खुशाल बोल. पण आधी प्रभूचं नाव घेत हातभर दोर वळ. मग तोंड उघड."

"आणि तेवढं वळूनही राग राहिला तर?"

"तर आणखी हातभर वळ, बाळा. घायपाताचा वाख काय कमी आहे?"

नथानेलाने शब्द पाळला. राग आला की तो अंगणात जाई आणि एका खास दोराला हातभर पीळ देऊन परत येई. परत येईपर्यंत बोलायचे काही उरतच नसे! सलोमी दारातून बघायची आणि मनात देवाचे आभार मानायची.

पण थोमाजी मिस्त्रीला हे कसे सोसावे? देवळात पहिल्या रांगेत बसणारा, पंचक्रोशीतल्या विहिरी खणणारा हा माणूस. जाता-येता तो अंगणात डोकावे. "काय नथू, शेपूट किती वाढलं? आज कोणाचा मार खाल्लास?" नथानेलाची कानशिले तापत. तो मुकाट्याने वाख हाती घेई. खरे सांगायचे तर त्या दोराचा निम्मा भाग एकट्या मिस्त्रीच्या कृपेने झाला होता.

पुढे देवळाची विहीर खोल करायचे ठरले. काम मिस्त्रीकडेच आले. "त्या मुक्याचा दोर मला नको," म्हणून त्याने बाजारातून दोर आणला. चाळीस हात खोल गेल्यावर एका दुपारी तोच दोर पाटीसकट तुटला. वरून दरड ढासळली आणि तळाशी खणत असलेला मिस्त्री गुडघ्यापर्यंत मातीत रुतला. कडेची ओली माती सुटतच होती.

नथानेल आपला दोर खांद्यावर टाकून धावत आला. बाबाही आले. कोणीतरी म्हणाले, "अहो, हा एकतीस हात. पुरायचा कसा?"

"सोड तू," बाबा म्हणाले आणि काठावर गुडघे टेकून त्यांनी डोळे मिटले.

दोर खाली जाऊ लागला. भेदरलेला मिस्त्री तळातून ओरडला, "अरे, हात चालव की! बायकोनं टाकलेल्या माणसा, आता माझा जीव घेतोस काय?"

सगळ्या गावासमोर! नथानेलाच्या ओठांवर जुनी शिवी आली. वळायला वाख नव्हता, हात गुंतलेले होते. दोर सोडून दिला आणि निसटला म्हटले, तर कोण त्याला विचारणार होते? त्याने डोळे घट्ट मिटले. "येशू, मला धर," तो पुटपुटला. मग तोंड उघडले तेव्हा शब्द आले ते असे: "मिस्त्री, भिऊ नका. कमरेला पक्का बांधा. मी सोडणार नाही."

आणि काय सांगावे! दोर तळाला टेकला. एवढेच नव्हे, कमरेला दोन वेढे बसतील इतका उरला. दहा जणांनी ओढले. मिस्त्री काठावर आला आणि मागोमाग अख्खी कड खाली कोसळली.

लोकांनी तिथेच दोर मोजला. एकतीस हात. पुन्हा मोजला. एकतीसच! मिस्त्री म्हणाला, "चाळीस हात मी स्वतः खणलंय. माझं माप चुकत नाही." तो बाबांच्या पायांवर पडायला वाकला. बाबा मागे सरले.

"प्रभूनं तारलं. माणसाचेच आभार मानायचे तर तो बघ, तिथं आहे."

पहिल्या रांगेतला मिस्त्री चिखलाने माखलेले डोके घेऊन नथानेलापुढे वाकला. "माझं चुकलं रे, भाऊ. फार बोललो तुला."

नथानेलाने त्याला घाईघाईने उठवले. गर्दीत पदराने डोळे पुसणारी सलोमी त्याला दिसली. त्याने दोराने सोललेले हात जोडले आणि आभाळाकडे पाहून म्हणाला, "देवा, तू माझं तोंड धरलंस, म्हणून आज माझे हात कामी आले."