मिरगापर्यंतची आढी

“पण बुवा, पुरेल का?”

दाजीबुवा हातातला आंबा हुंगत होते. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि पेंढ्यावर अलगद निजवला.

“काय पुरेल का?”

“पैसा हो! मघापासून तेच तर सांगतोय.”

“खरंच की. बोल, बोल. कान तुझ्याकडेच आहेत, नाक तेवढं इकडे आहे.”

श्रीरंग नाबर उंबऱ्यावर टेकले. जन्म गेला गुजरातेत, रंगाच्या एका कारखान्याच्या हिशेब खात्यात. जूनअखेरीला निवृत्त व्हायचं होतं. कारखान्याचा पै-पैचा हिशेब लावणाऱ्या या माणसाला स्वतःच्या म्हातारपणाचा हिशेब काही केल्या लागत नव्हता, आणि त्यापायी बिचाऱ्याची झोप उडाली होती. शेवटी बायकोने, हेमलताबाईंनी, त्यांना कुडाळहून दाजीबुवांच्या डोंगरावरच्या या मठीत आणलं. साठवलेली रजा वाया जाणार होती म्हणून आले. नाहीतर कसले येतात!

“पेन्शन थोडी, फंड बरा, वर थोडं व्याज,” नाबर एकेक बोट दुमडत म्हणाले. “महागाई धरली. दवाखाना धरला. घराची कौलं परतायची, तीही धरली. सगळं धरून नव्वदीपर्यंत पुरतंय.”

“मग झालं की!”

“आणि एक्क्याण्णवाव्या वर्षी?”

बुवा जे हसत सुटले ते ठसका लागेपर्यंत. हेमलताबाईंना आतून पाण्याचा तांब्या घेऊन धावत यावं लागलं.

“एक्क्याण्णवाव्या वर्षी माझ्याकडे जेवायला ये,” डोळे पुसत बुवा म्हणाले. स्वतः तेव्हाच ऐंशी ओलांडलेले, तोंडात दात औषधापुरते.

“तुम्हाला थट्टा सुचतेय बुवा, माझा इथे जीव टांगणीला लागलाय. कंपनी आणखी तीन वर्षं ठेवून घ्यायला तयार आहे. मिरगाच्या दिवशी साहेबांचा फोन यायचाय. हो म्हटलं की काम झालं.”

“मग म्हण हो.”

नाबरांनी तोंड उघडलं... आणि बायकोकडे बघून मिटलं.

“मी सांगते बुवा,” हेमलताबाई म्हणाल्या. “आधी म्हणाले, घराचे हप्ते फिटले की येतो. मग म्हणाले, मुलीचं शिक्षण झालं की येतो. मग मुलीचं लग्न. हे तिकडे, आणि मी इकडे कुडाळला सासूबाईंचं करत. आम्ही दोघं सलग एका घरात राहिलो ते एकदाच, यांना टायफॉइड झाला तेव्हा. काय गप्पा मारल्या म्हणून सांगू!”

“अगं, पण हे सगळं तुझ्यासाठीच करतोय ना मी?”

“ठाऊक आहे हो. म्हणून तर भांडता येत नाही.”

बुवांनी आणखी एक आंबा पेंढ्यावर निजवला.

आता बुवा काय म्हणणार, ते नाबरांना पाठ होतं. वर देव बसलाय, चिंता कशाला करतोस, असंच काहीतरी. त्यावर काय उत्तर द्यायचं याची त्यांनी एसटीत बसून चांगली तयारी केली होती.

बुवा उठले. “चल, गंमत दाखवतो.”

मठीच्या मागे लाकडं रचलेली होती. फोडून, वाळवून, वरून माडाची झापं घालून. पलीकडच्या खोलीत तांदळाचं पिंप, आमसुलं, मीठ, पापड.

“पावसाळ्याची बेगमी,” बुवा म्हणाले. “देव काही मला लाकडं फोडून देत नाही. बेगमी ही करायलाच हवी.”

नाबरांची कळी खुलली. एसटीत केलेली तयारी फुकट गेली याचं थोडं वाईटही वाटलं.

“बघ, ऐकलंस ना?” ते बायकोला म्हणाले. “तर मग बुवा, माझं पुरेल का?”

“ते बाबा मला कळत नाही. तू एक कर. ही आढी सांभाळ.”

आढी म्हणजे काळोख्या खोलीत पेंढ्यात पिकत घातलेले आंबे. वाडीतली माणसं मठीत आणून द्यायची. हापूस होते, रायवळ होते, खोलीचं दार उघडलं की वास अंगावर यायचा.

“मिरगापर्यंत पुरली पाहिजे,” बुवा म्हणाले. “रोज प्रत्येकाच्या पानात आंबा हवा. मिरग लागला की मठीत आंबा बंद. मग त्यात अळी पडते. माझ्या गुरूंपासूनची रीत आहे. जमेल?”

“जमेल का काय विचारता? बुवा, मी हिशेब खात्यातला माणूस!”

“म्हणून तर तुला सांगतोय,” बुवा म्हणाले.

झालं! नाबरांच्या अंगात आलं. पहिल्याच दिवशी त्यांनी अख्खी आढी खालीवर केली. कच्चे वेगळे, तयार वेगळे, डाग पडलेले दाराशी. नियमही करून टाकला, आणि तो आपल्याकडे घरोघरी असतोच. डागी आंबा आधी संपवायचा, चांगला मागे ठेवायचा.

त्या दिवशी पानात फोडी पडल्या. काळं काढून, उतरलेलं काढून, जे हाती लागलं ते.

“अहो, एखादा अख्खा काढा ना,” हेमलताबाई म्हणाल्या.

“चांगले टिकतील गं. आधी हे संपवू.”

बुवांनी फोड तोंडात टाकली.

दुसऱ्या दिवशी नाबर आढीत शिरले, तर कालच्या चांगल्यांतले काही डागाळलेले. मग आधी ते. पुन्हा सुरी, पुन्हा काळं काढणं. तिसऱ्या दिवशी तेच. नाबरांचा हात सुरीवर असा काही बसला की डाग कुठे संपतो ते ते डोळे मिटून सांगू शकले असते.

एकदा खालच्या वाडीतला बाबल धुरी टोपलीभर हापूस घेऊन चढून आला. सोन्यासारखा एकेक आंबा. नाबरांनी टोपली आत नेली आणि बाबलला बशीत फोडी आणून दिल्या. बाबलने एक फोड खाल्ली. बशीकडे पाहिलं. मग आत गेलेल्या टोपलीकडे पाहिलं.

“आंबे कोणाचे हो हे?” त्याने विचारलं.

“तुझेच. मागच्या खेपेचे.”

“माझे?” बाबल म्हणाला. “मी तर बरे असताना दिले होते.”

बुवांना पुन्हा ठसका लागला.

त्याच संध्याकाळी हेमलताबाई आढीतून एक आंबा घेऊन बाहेर आल्या. देठाला एक हिरवं पान अजून चिकटलेलं. त्यांनी तो गालाला लावला, हुंगला. चेहरा असा काही उजळला की नाबर बघतच राहिले.

“हा खाऊया? आपण दोघं?”

“आज नको गं. किती छान आहे! दोनतीन दिवस सहज राहील. उद्या बघू.”

हेमलताबाईंनी तो परत पेंढ्यात ठेवला. वाद घातला नाही. वाद घालायची सवयच मोडली होती त्यांची.

उद्या आला, परवा आला. पानवाला आंबा चांगलाच होता, मग त्याची पाळी कशी येणार? त्यानंतर मात्र एका सकाळी देठाशी काळा डाग दिसला. नाबरांनी तो आठवणीने बाजूला काढला, निगुतीने कापला, अर्धा टाकावा लागला. उरलेला अर्धा बशीत घालून त्यांनी बायकोपुढे ठेवला.

“हा तुझाच. ओळखलास ना? लक्षात ठेवून काढला.”

हेमलताबाईंनी खाल्ला.

“कसा आहे?”

“आहे ना... परवा जास्त बरा होता.”

त्या बशी धुवायला उठल्या. नाबरांना कुठेतरी टोचलं, पण काय टोचलं ते कळलं नाही. आढीत काम पडलं होतं.

असं करता करता मिरगाचा दिवस उजाडला. पंचांगात मिरग दुपारचा होता. नाबर सकाळीच सुपात आंबे घेऊन पायरीवर बसलेल्या बुवांपुढे आले. छाती पुढे, चेहऱ्यावर वार्षिक ताळेबंद जुळल्याचा आनंद.

“बुवा, पुरली! एक दिवस खाडा नाही. रोज प्रत्येकाच्या पानात आंबा. आणि वर हे बघा, उरलेसुद्धा!”

सुपात पाचसहा आंबे. एकावर डाग असेल तर शपथ.

“वा रे पठ्ठ्या!” बुवा मनापासून म्हणाले. “मला नसतं जमलं हो. दुपारनंतर हे बाबलच्या म्हशीला घाल.”

“म्हशीला?” नाबर ओरडलेच. “अहो, हे सगळ्यांत चांगले आहेत! यांच्यासाठी तर आम्ही रोज...”

ते सुपाकडे बघू लागले.

“रोज काय?”

“...रोज डागी खाल्ले.”

बुवांनी सुपातला एक आंबा उचलून हुंगला.

“बाकी आंबा कसा होता रे यंदाचा?”

नाबरांनी आठवून पाहिलं. सुरी आठवली. काळं टाकायची परडी आठवली, तिच्यावर घोंगावणारी चिलटं आठवली. चव काही आठवेना. एवढ्या आंब्यांत हात घालून बसलेला हा गडी, पण अख्खा आंबा त्याच्या तोंडाला एकदाही लागला नव्हता. आणि मग त्यांना ते देठाचं हिरवं पान आठवलं...

परवा जास्त बरा होता.

नाबरांनी घड्याळ बघितलं. सूप उचललं आणि चक्क पळत सुटले. पायात चप्पल नाही, धोतराचा सोगा सुटलेला. बुवांनी पायरीवर सरकून त्यांना वाट करून दिली.

हेमलताबाई आत बॅग भरत होत्या. स्वतःचे कपडे खाली, आणि यांचे शर्ट वेगळ्या पिशवीत, गुजरातला न्यायला सोपे पडावेत म्हणून. सूप खाली ठेवून नाबरांनी ती पिशवी बाजूला सारली. त्यांनी सुपातला सगळ्यांत चांगला आंबा उचलून बायकोपुढे धरला.

हेमलताबाईंनी तो घेतला. हुंगला. आणि सवयीने आढीच्या खोलीकडे वळल्या.

“उद्या ना?”

“आत्ता,” नाबर म्हणाले. “हेमा, आत्ता खाऊ. मिरग लागायच्या आत.”

कितीतरी वर्षांत त्यांनी ‘हेमा’ म्हणून हाक मारली नव्हती. हेमलताबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्या हसायलाही लागल्या.

“सुरी आणू?”

“नको. सुरीचं नाव नको काढूस.”

तिघंही मठीच्या पायरीवर बसले. देठ काढून, चीक पिळून टाकून, आंबा तळहातांत माचून मऊ केला आणि तोंडाला लावला. रस मनगटावरून कोपरापर्यंत आला. नाबर डोळे मिटून खात होते आणि मध्येच “आई गं” म्हणत होते. “अहो, सदरा!” हेमलताबाई म्हणाल्या, पण त्यांच्याही पदराची काही वेगळी गत नव्हती. बुवांचं तर विचारूच नका. बोळक्या तोंडाच्या माणसाने आंबा खावा आणि बाकीच्यांनी बघावं.

तेवढ्यात खिडकीत ठेवलेला मोबाइल वाजला.

हेमलताबाईंचा हात थांबला. त्या समोरच्या फणसाकडे बघत राहिल्या.

नाबरांनी दोन चिकट बोटांनी फोन उचलला.

“हां साहेब... नमस्कार... हो, आठवण आहे... नाही साहेब. ...पगाराचं नाही हो. पगार उत्तम आहे. ...नाही, म्हणजे नाहीच. घरी राहतो म्हणतो आता. ...आवाज? आंबा खातोय साहेब.”

फोन ठेवला. फोनही रसाने माखला होता.

हेमलताबाईंनी पदराने डोळे पुसले, आणि त्याच पदराने नाबरांची हनुवटीही पुसली. मग सुपातला आणखी एक आंबा उचलून, माचून, यांच्या हातात दिला.

नाबरांनी तो तोंडाला लावला. चोखला. जरा वेळ बरा गेला... पण जन्माची सवय अशी एका आंब्यात कुठली जायला? कपाळावर हळूच आठी उमटली.

“बुवा,” ते म्हणाले, “पुरेल ना हो?”

दाजीबुवांनी रसाने बरबटलेलं तोंड वर केलं.

“मध्ये बोलू नकोस रे. कोयीला अजून रस आहे.”