उलटा शिवलेला क्षमेचा अध्याय

एका नगरात एकदा एक पंडित होता, आणि त्याचे सारे पांडित्य एकाच कादंबरीवर उभे होते. विद्याधर त्याचे नाव. ती जुनी, थोर कादंबरी त्याने बावीस वेळा वाचली होती आणि तिच्यातील क्षमा व करुणा या विषयावर चाळीस व्याख्याने दिली होती. प्रत्येक वेळी शेवटच्या प्रकरणापाशी त्याचा कंठ दाटून येई. तो नेमका कुठल्या ओळीवर दाटतो, हे नेहमीच्या श्रोत्यांना पाठ झाले होते.

एकेचाळिसाव्या व्याख्यानात घात झाला. ग्रंथालयातली जीर्ण प्रत नुकतीच नव्याने बांधून आली होती. विद्याधरने भर सभेत शेवटचे प्रकरण उघडले, तर त्याची सोळा पाने उलटी शिवलेली! त्याने पुस्तक फिरवले, तेव्हा मुखपृष्ठ लोकांसमोर खाली डोके वर पाय झाले आणि पहिल्या रांगेतली मंडळी तोंडाला रुमाल लावून हसू लागली. कंठ दाटायचा तो राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो तरातरा आपल्या गुरुजींकडे गेला. ग्रंथालयाचा कारभार ते वृद्ध गुरुजीच पाहत. पुस्तके बांधणाऱ्या रंगनाथ जिनगरांना कामावरून काढावे, असा अर्ज त्याने पुढे ठेवला. अर्जात 'अक्षम्य' हा शब्द चार वेळा आला होता.

गुरुजींनी अर्ज शांतपणे वाचला. मग त्यांनी जिनगरांना बोलावून घेतले, स्वतःच्या खुर्चीत बसवले, त्यांच्यासाठी चहा मागवला आणि विद्याधरला म्हणाले, "सही करतो. पण आधी ते प्रकरण यांना वाचून दाखव."

"यांना?"

"यांनाच."

गुरूंची आज्ञा! विद्याधर पुस्तक उलटे धरून चडफडत वाचू लागला. ज्याच्या बेपर्वाईने एका बाईचा मुलगा नदीत बुडाला, तो नावाडी अठरा वर्षांनी तिच्या दारात येऊन उभा राहतो. ती दार उघडते... इथवर वाचून त्याचा संयम सुटला. त्याने पुस्तक जिनगरांपुढे आपटले.

"बघा! अक्षरांच्या डोक्यावरची रेघसुद्धा दिसली नाही तुम्हाला?"

"नाही दिसत, साहेब," जिनगर हळूच म्हणाले. "सहा महिने झाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. कळलं तर काम जाईल म्हणून बोललो नाही. बोटांनी चाचपून शिवतो. पूर्वी प्रत्येक पुस्तक वाचून मगच बांधायचो, हे वाचायचं राहूनच गेलं." ते खुर्चीत जरा पुढे सरकले. "मग? घेतलं का तिनं त्याला घरात?"

उत्तर विद्याधरला तोंडपाठ होते, पण अर्जही समोर टेबलावरच होता. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

गुरुजी म्हणाले, "बाळ, आजवर तू ज्यांना क्षमा शिकवलीस, त्यांनी तुझे काहीच बिघडवले नव्हते. ते टाळ्या वाजवून घरी गेले, तूही गेलास. ज्याने तुझे काही बिघडवले आहे, असा श्रोता तुला आज पहिल्यांदा मिळाला आहे. त्याला उत्तर दे. व्याख्यान ते एवढेच."

"घेतलं, काका," विद्याधर म्हणाला. "आधी पाय धुवायला पाणी दिलं." आणि त्याचा कंठ दाटून आला, तोही भलत्याच ओळीवर.

"सही कुठे करू?" गुरुजींनी लेखणी उचलून विचारले. विद्याधरने घाईघाईने अर्ज खिशात कोंबला.

जिनगरांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया होईपर्यंत तो रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून पाने लावून देऊ लागला. आठवडा उलटायच्या आत त्याच्या हातून एका जाडजूड ग्रंथाची बत्तीस पाने उलटी गेली, आणि ती शिवून झाल्यावरच त्याच्या ध्यानात आले. त्याने चाचरत कबुली दिली. जिनगर शिवण उसवत म्हणाले, "असू द्या साहेब, होतं असं." आणि सुई पुन्हा त्याच्याच हाती दिली, दोरा ओवायला.