दवंडीवाला आणि तळ्याचं दार

फार जुन्या काळी एका डोंगराळ राज्यात एक दवंडीवाला राहत होता. त्याचा आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या टेकडीवरची गुरंसुद्धा मान वर करून बघत. राजाचा हुकूम तोच पुकारायचा आणि गावकऱ्यांचे निरोपही तोच. कुणाची म्हैस हरवली, कुणाकडे बारसं आहे, सगळं एकाच डफावर, एकाच आवाजात. "सांगाल तसंच पुकारीन, एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही," याचा त्याला भारी तोरा.

आणि राजाच्या चाकरांची रीत अशी, की डफ वाजला, शब्द कानी पडला, की काही विचारायचं नाही, करून मोकळं व्हायचं.

एकदा एका खट्याळ म्हातारीनं नथ हरवल्याची दवंडी सांगितली आणि शेवटी हळूच जोडलं, "आणि कोठीवाल्यानं म्हातारीला शेरभर तूप द्यावं." कोठीवाल्यानं मुकाट्यानं तूप दिलं! गाव पोट धरून हसलं. दवंडीवालाही हसला, पण घरी आल्यावर त्याला जेवण गोड लागेना.

बायको म्हणाली, "अहो, राजाचा शब्द निराळा, लोकांचा निराळा. निदान डफ तरी वेगळा वाजवा."

"लोकांना राग येईल. म्हणतील, आमचा निरोप काय हलका आहे?"

असं म्हणाला खरा, पण संध्याकाळभर अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. उद्या कुणी भलतंच काही सांगितलं तर? मग स्वतःचीच समजूत काढायचा, सगळी आपलीच तर माणसं आहेत!

उन्हाळा तापला, विहिरी आटल्या. गावाची सारी भिस्त वरच्या तळ्यावर होती; त्याच्या बांधाला खोऱ्यात पाणी सोडायचं दार होतं आणि तिथं राजाचा राखणदार बसे. अशात एका सकाळी एक परका माणूस आला. खालच्या खोऱ्यात त्याचा ऊस वाळत चालला होता, पण ते त्यानं सांगितलं नाही.

"दादा, बैल हरवलाय माझा. पांढरा, डावं शिंग मोडलेलं. सापडल्यास वेशीवर आणावा, आणि तळ्याचं दार पुरतं उघडावं."

शेवटचे शब्द दवंडीवाल्याला खटकले. पण लोक जमले होते, डफ हातात होता, आणि जिभेला जुनी सवय होती. त्यानं जसंच्या तसं पुकारलं.

पुकारताच तो डफ टाकून तळ्याकडे धावला. पोचेपर्यंत पाणी खोऱ्यात धो धो चाललं होतं.

"अरे, बंद कर!" तो ओरडला.

राखणदार चक्रावला. "तूच तर पुकारलंस!"

दोघांनी मिळून दार खाली रेटलं, तोवर तळ्याचा तळ दिसायला लागला होता. उरलेलं पाणी जेमतेम निम्म्या गावाला पुरेल एवढंच होतं. राजानं हुकूम काढला, खालच्या आळीनं गुरंढोरं घेऊन पावसापर्यंत गाव सोडावं. ती दवंडी दवंडीवाल्यालाच द्यावी लागली. त्या आळीत त्याची लेक नांदत होती.

बोध: दुसऱ्याचा निरोप जरूर पोचवावा, पण पारखल्याशिवाय त्याला हुकमाचं बळ देऊ नये.