ओटीतली माती

डोंगरांना अजून नावं पडायची होती, त्या काळची ही गोष्ट.

एका डोंगरावर दोन गावं होती. उगवतीचं गाव चिडाच्या रानात वसलेलं. सुईसारख्या पानांची ती उंच झाडं वारा आला की घुमायची. मावळतीचं गाव उघड्या उतारावर. तिथे नाचणी पिकायची, पण उतार धरून ठेवायला एकही झाड नव्हतं. दर पावसाळ्यात डोंगराचा एक घास खाली जायचा.

उगवतीच्या मुली मावळतीला दिल्या जात. प्रत्येकीबरोबर चिडाचं एक रोप पाठवायची रीत होती. पण आधी त्याची मुळं राखेनं घासून सात पाण्यांनी धुवायची. माहेरची माती बरोबर गेली तर मुलीचं मन सासरी रुजत नाही, असं सगळे मानायचे. धुणारे हात मायेचेच असायचे. तरी एकही रोप वर्षभर जगलं नव्हतं.

शेवटी मावळतीच्या पंचांनी ठरवलं, "यंदाचं रोपही गेलं, तर गाव इथून उठवायचं."

यंदाचं रोप गोजरा नावाच्या नव्या सुनेचं होतं. तिची सासू रोपाला सुनेइतकंच जपायची. तिनं शेणखत घातलं, दुपारी काठ्यांवर आपलं लुगडं ताणून सावली केली. तरी रोप पिवळं पडत गेलं.

"आत्याबाई, पाणी कमी पडतंय का?"

"कमी कसलं? तू आणि मी मिळून बुडवायचं बाकी ठेवलंय त्याला!" सासू हसली. मग हळूच म्हणाली, "माझंही असंच पिवळं झालं होतं गं."

सासूसुद्धा उगवतीचीच लेक होती. पण चाळीस वर्षांत तिनं माहेराचं नाव काढलं नव्हतं.

गोजरा सणाला माहेरी गेली. रानात मोठ्या झाडाखाली आपोआप उगवलेलं एक हिरवंगार रोप तिनं अलगद उकरलं. मुळांना काळी माती चिकटलेली, आणि तिच्यात कापसासारखी बारीक पांढरी जाळी. मग वाटेवरच्या मुरमाच्या नव्या भरावातलं एक रोप उकरलं. त्याच्या मुळांना जाळी नव्हती. ते पिवळं होतं.

"आई, हे पांढरं काय गं?"

"रानच्या मातीतली जाळी ती. घासताना जीव जातो माझा! तुझ्या रोपाला मी कणभरही ठेवली नव्हती," आई अभिमानानं म्हणाली.

गोजराला रडूच आलं. "आई, त्याला भरवणारी तीच होती."

निघताना आई ओटी भरायला तांदूळ घेऊन आली. गोजरानं पदर पसरला. "आज माती घाल."

"वेडी का काय तू? मन रुजायचं नाही तुझं तिथे!"

"आत्याबाईंनी जीव लावला, तेव्हाच रुजलं ते. माती धुतल्यानं नव्हे."

आईनं तांदूळ खाली ठेवले. मग तिनं रानच्या मातीनं लेकीची ओटी भरली.

मावळतीच्या वेशीवर पंचांनी अडवलं. "पदरात काय गं?"

"माती."

"माहेरची? आणि ती या गावात नेणार?"

तेवढ्यात सासू पुढे आली. तिनं पदरातली चिमूटभर माती उचलली, नाकाशी धरली आणि डोळे मिटले.

"आमच्या रानाची आहे ही," ती पंचांना म्हणाली. "माझ्या सुनेची ओटी आहे. व्हा बाजूला."

दोघींनी मिळून शेणखत काढलं आणि ती माती मुळांभोवती हलक्या हातानं दाबली. पावसाळा सरता सरता रोपाच्या शेंड्याला हिरवी सुई फुटली.

गाव उठलं नाही. पुढच्या नवऱ्या मुळं न धुता रोपं आणू लागल्या. वर्षांमागून वर्षं गेली, उतार झाडांनी धरला, आणि एके दिवशी मावळतीलाही वारा घुमू लागला. म्हातारी सासू गोजराच्या झाडाला टेकून ऐकत बसली होती.

"ऐकलंस?" ती सुनेला म्हणाली. "माझं माहेर आलं गं."

बाळांनो आणि थोरांनो, रुजायला नवी जमीन मिळाली, तरी तिच्यात जुन्या मातीची एक ओंजळ मिसळू द्यावी.