नवी कोंबडी आणि नवी सून

जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचे नाव सांगणारे आता कुणी उरलेले नाही. घाटमाथ्यावर एक गाव होते आणि त्या गावात तानूबाई नावाची एक विधवा आपल्या तीन मुलांसह राहत होती. तिच्या परसात कोंबड्या होत्या.

कोंबड्या तर दारोदारी असतात, असे तुम्ही म्हणाल. पण लहानांनो आणि थोरांनो, कोंबडीची जात दिसते तितकी गरीब नसते. कळपात प्रत्येकीची पायरी ठरलेली असते. कुणी आधी दाणे टिपायचे, कुणी मागून टिपायचे, कुणी कुणाला टोचायचे, सारे ठरलेले. अशा कळपात नवी कोंबडी सोडली की सगळ्या मिळून तिच्यावर तुटून पडतात. तिचे डोके रक्ताळते, ती कोपरा धरते आणि कित्येकदा भरल्या थाळीसमोर उपाशी मरते.

गावोगाव हेच होई. तानूबाईच्या परसात मात्र नवी आलेली कोंबडी महिन्याभरात जुनी होऊन जाई, आणि तिचे एक पीस गळत नसे. म्हणून आसपासच्या गावांच्या बायका तिला विचारायला येत. तानूबाईही हातचे राखून सांगत नसे.

"घाई करू नये," ती म्हणे. "नवीला आठ दिवस बांबूच्या डालग्याखाली झाकून अंगणातच ठेवावी. कामट्यांच्या फटींतून ती जुन्यांना बघते, जुन्या तिला बघतात. बघून बघून राग निवतो. आणि एकटी कोंबडी कधी आणू नये, दोघी आणाव्या. एकटीला सगळ्या टोचतात. दोघी असल्या की पंखाला पंख लावून बसतात. दाणे तीन ठिकाणी टाकावे, म्हणजे एकीकडून हाकलली तरी दुसरीकडे पोट भरतं."

एका वर्षी वाळवीने जुने खुराडे पोखरले. मुलांनी नवे बांधले, चांगले ऐसपैस. पण कोंबड्या आत पाय घालीनात. सांज झाली की जुन्या जागेच्या मातीवर जाऊन बसत. मुले वैतागली. धाकटा म्हणाला, "धरून कोंबून टाकतो सगळ्यांना."

"खबरदार," तानूबाई म्हणाली. तिने मोडलेल्या खुराड्यातला बसायचा दांडा काढून नव्यात बसवला आणि तिथले गवत आणून आत पसरले. "घर बदललं तरी पायाखालचं काहीतरी ओळखीचं लागतं," ती म्हणाली. तिसऱ्या सांजेला कोंबड्या आपल्या पायांनी आत गेल्या.

त्याच वर्षी धाकट्याचे लग्न झाले; थोरल्या दोघांच्या बायका घरात आधीपासून होत्या. सून आणली ती घाटाखालची, तीन दिवसांच्या वाटेवरची. तिचे नाव जिऊ. वय कोवळे, बोलणे निराळ्या हेलाचे. रिवाजाप्रमाणे तिची चुलत बहीण पाठराखीण म्हणून सोबत आली होती. चारआठ दिवस राहून, जिऊ जरा रुळली की ती परतणार होती.

दुसऱ्याच सकाळी तानूबाईने पाठराखिणीला वाटेला लावले. "दोघी एकीकडे बसून आपल्याच बोलीत कुजबुजत राहतील," ती म्हणाली. "मग ही आमची कधी होणार?"

जिऊने भातखाचरांच्या मुलखात जन्म काढला होता. ज्वारीचे पीठ तिने कधी मळले नव्हते. पहिल्या दिवशी तिची भाकरी हातातच तुटली. थोरल्या दोन्ही सुना चुलीपाशी बसून हसल्या. दुसऱ्या दिवशी भाकरी करपली. तेव्हा थोरलीने ती करपलेली भाकरी अंगणभर मिरवून सगळ्यांना दाखवली. तिसऱ्या दिवसापासून जिऊ सगळ्यांच्या मागून जेवू लागली, आणि टोपल्यात उरेल ते तिचे. कधी उरे, कधी उरत नसे. मडके फुटले, जिऊने फोडले. दूध नासले, जिऊचा पायगुण. तिचा नवरा बैलांच्या तांड्याबरोबर मीठ आणायला गेला होता. तो चार महिने येणार नव्हता.

तानूबाईला हे दिसत नव्हते असे नाही. तिला सारे दिसत होते. पण शेजारणीने विचारले तर ती म्हणे, "चार दिवस असं व्हायचंच. आम्ही नाही का सोसलं? मुकाट्याने सोसलं की बाई घरात मुरते."

एके दिवशी पलीकडच्या गावची एक बाई रडत आली. तिच्या पदराखाली एक तलंग, म्हणजे अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी होती. जुन्यांनी टोचून टोचून तिची मान सोलली होती.

तानूबाईचे डोळे भरून आले. तिने तलंगेला मांडीवर घेतले, जखमेवर हळद दाबली, वरून चुलीतली काजळी लावली. "लाल रंग दिसू द्यायचा नाही," ती म्हणाली. "रक्त दिसलं की बाकीच्यांच्या चोची शिवशिवतात. आणि एक लक्षात ठेव. मार खाणारीला बाजूला काढू नको, टोचणारीला काढ. तिला तीन दिवस डालग्याखाली कोंड. परत येईतो तिचा तोरा उतरलेला असतो."

जिऊ जवळच अंगण सारवत होती. आदल्या दिवशी मधलीने तापला तवा तिच्या हातावर टेकवला होता, चुकून असे सांगून. ती पाहुणी जाईपर्यंत थांबली. मग हातातले शेण तसेच ठेवून म्हणाली, "आत्याबाई, मलाही आठ दिवस डालग्याखाली ठेवलं असतंत तर बरं झालं असतं."

तानूबाई हसली. "तू काय कोंबडी आहेस? माणसाला अक्कल असते. तोंड असतं."

"तोंड आहे, पण माझं ऐकायला इथं कोण आहे?" जिऊ म्हणाली.

सासूच्या कपाळाला आठी पडली. "उलट बोलायला मात्र लवकर शिकलीस," ती म्हणाली आणि तलंगेला पाणी पाजायला निघून गेली.

पावसाळा संपता संपता घाटाखालून एक वाटसरू निरोप घेऊन आला. जिऊची आई अंथरुणाला खिळली होती आणि लेकीला एकदा डोळ्यांनी पाहायचे म्हणत होती. निरोप थोरलीच्या कानावर पडला. तिने तो सासूला सांगितला. सुगी तोंडावर होती. कणसे खुडायला हात हवे होते. तानूबाई म्हणाली, "सुगी झाल्यावर सांगू."

सुगी झाली. निरोप सांगायच्या आधीच दुसरा निरोप आला. आईला जाऊन तेरा दिवस झाले होते.

जिऊला कळले की पहिला निरोपही आला होता. ती रडली नाही, भांडली नाही. कपाळावर पदर ओढून तिने दळण संपवले. त्या दिवसानंतर तिने त्या घरात कधी काही मागितले नाही आणि कुणाला काही विचारलेही नाही. नवरा मीठ घेऊन परतला तेव्हा त्याला शांत, कष्टाळू बायको दिसली. तानूबाई अभिमानाने म्हणाली, "बघा, रुळली की नाही!"

वर्षे गेली. थोरल्या दोघी आपापल्या संसारासह वेगळ्या झाल्या. म्हातारी तानूबाई जिऊपाशी राहिली. जिऊचा नवरा एका उन्हाळ्यात तापाने वारला. जिऊला दोन मुलगे होते. घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला आल्या आणि परसातल्या कोंबड्याही तिच्या हाताखाली आल्या. सासूची सगळी विद्या तिने उचलली होती. आता बायका जिऊला विचारायला येत, आणि म्हणत की हिचा हात तर म्हातारीपेक्षाही हलका आहे.

मग थोरल्या मुलासाठी सून आणली. तिचे नाव सारजा. एका धनगराची ती एकुलती लेक होती, बापाने आईविना वाढवलेली.

तुम्हाला वाटेल, जिने इतके सोसले ती सुनेला फुलासारखी जपेल. तसे झाले नाही. कळपात सगळ्यांत जास्त टोचून घेतलेली कोंबडी नवी आली की सगळ्यांत आधी धावते. जिऊ सारजाला हात लावत नसे, शिवी देत नसे. ती फक्त एकेक वस्तू काढून घेई. आधी बापाने दिलेले घोंगडे घेतले, मग शेजारणीशी बोलणे बंद केले, मग सकाळची न्याहारी. सारजा हडकली. दिवस राहिले होते, तो गर्भ गळून गेला. तेव्हाही दुसऱ्या दिवशी तिच्या डोक्यावर पाण्याची घागर होती.

तानूबाईला आता दिसत कमी होते, पण घागर खाली ठेवताना निघालेला कण्हण्याचा आवाज तिने ऐकला. म्हातारी चाचपडत जिऊपाशी आली.

"जिऊ, पोरीला चार दिवस पडू दे. मरेल ती."

जिऊ कोंबड्यांसाठी कण्या निवडत होती. तिने मान वर केली नाही. "आत्याबाई, मी तुमच्याच हाताखाली घडले," ती म्हणाली. "तेव्हा तुमच्या तोंडून शब्द निघाला नाही. आता कशाला काढता?"

म्हातारी भिंतीला हात लावत परत आपल्या जागेवर जाऊन बसली. त्यानंतर ती फार दिवस जगली नाही. जितके दिवस जगली, तितके दिवस सारजाचे कण्हणे तिच्या कानावर पडत राहिले.

एका दुपारी सारजाचा बाप लेकीला भेटायला आला. न सांगता आला होता. अंगणात पाऊल टाकले तर समोर जिऊ बसलेली. मांडीवर एक नवी तलंग, आणि जिऊ तिला बोटाने हळूहळू कण्या भरवत होती. "खा गं बाई, घाबरू नको," म्हणत होती. अंगणात तीन ठिकाणी दाणे टाकलेले होते. धनगराला बरे वाटले. किती मायेची बाई, असे त्याच्या मनात आले.

मग तो घराच्या मागच्या बाजूला गेला. तिथे त्याची लेक उकिडवी बसून रिकाम्या मडक्याच्या बुडाची करप नखाने खरवडून खात होती. बापाला पाहून तिने मडके पाठीमागे लपवले.

धनगराने खांद्यावरचे घोंगडे काढून लेकीच्या अंगावर घातले, तिचा हात धरला आणि अंगणातून बाहेर निघाला. जिऊ उठून उभी राहिली. तलंग अजून तिच्या हातातच होती.

"विहीणबाई," तो वळून म्हणाला, "चूक माझी झाली. या घरी कोंबडी द्यावी, लेक देऊ नये."

ते बोलणे त्याच्या मेंढरांबरोबर गावोगाव फिरले. जिऊचा थोरला मुलगा बायकोला आणायला गेला आणि तिकडेच राहिला. धाकट्यासाठी चार वर्षे मुली पाहिल्या, पण एकाही बापाने होकार दिला नाही. शेवटी तोही एका तांड्याबरोबर निघून गेला.

जिऊ एकटी उरली. तिच्या परसात कोंबड्या मात्र चाळीसपन्नास झाल्या आणि सगळ्या गुण्यागोविंदाने नांदत होत्या. बायका अजूनही येत, अंगणात उभ्यानेच कोंबड्यांचे विचारत, आणि उंबऱ्याच्या आत पाय न ठेवता परत जात. जिऊ आजारी पडली तेव्हा तिच्या तोंडात पाणी घालायला कुणी नव्हते.

तात्पर्य: मायेची रीत ठाऊक असूनही जो ती आपल्या माणसाला लावत नाही, त्याचे शहाणपण परक्यांच्या कामी येते आणि त्याचे स्वतःचे घर ओस पडते.