तोंड मिटून बसलेला बूट

फार जुन्या काळी, दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर, कप्तान हालवरने बर्फगाडी हलकी करायची म्हणून वाळक्या गवताचं पोतं बर्फात टाकून दिलं. हे गवत सगळे रोज रेनडिअरच्या कातड्याच्या केसाळ बुटांत भरायचे. पायाचा घाम तेच शोषून घ्यायचं.

दुसऱ्या सकाळी बुटांनी तोंडं घट्ट मिटून घेतली. कप्तानाने ओढलं, आपटलं, पण पाय आत जाईना.

"उघड तोंड. मी इथला कप्तान आहे."

"असशील," डावा बूट म्हणाला. "आधी गवत आण."

"फेकून देईन तुला."

"दे. पण तुझी बोटं माझ्यात कुजू देणार नाही."

शेजारचे खिळ्यांचे चामडी बूट लगेच पुढे सरकले. "मालक, आम्ही कधी नाही म्हटलंय?"

कप्तानाने खुशीत तेच चढवले. दुपारपर्यंत आत घाम गोठून चामडं दगडासारखं झालं. आधी बोटं दुखत होती, मग दुखायचीही थांबली. तेव्हा मात्र कप्तान घाबरला. लंगडत मागे गेला आणि स्वतःच्या हातांनी बर्फ उकरून पोतं घेऊन आला.

गवत भरल्यावर डाव्या बुटाने तोंड उघडलं. कप्तानाने घाईने पाय पुढे केला.

"थांब," बूट म्हणाला. "आधी पाय पूस."