झळकी आणि शंभर चौक्या

फार फार वर्षांपूर्वी, निरोप डोंगरावरून जात त्या काळी, एका डोंगराळ राज्यात धाकोजी नावाचा आरसेवाला राहत होता.

त्या राज्यात डोंगरमाथ्यांवर चौक्या होत्या. चौकीतला माणूस मोठ्या आरशावर ऊन घ्यायचा आणि त्याची तिरीप समोरच्या डोंगरावर टाकायचा. तिरीप किती वेळा चमकली, किती वेळ थांबली, यावरून समोरचा माणूस निरोप ओळखायचा आणि पुढच्या डोंगराला कळवायचा. पण ज्याला निरोप धाडायचा असेल त्याला आधी डोंगर चढून चौकी गाठावी लागे. म्हाताऱ्यांना ते जमत नसे. घरात कुणी आजारी असलं, तर त्याला सोडून जायचं कसं, हाही प्रश्नच होता.

धाकोजीनं यावर सात वर्षं डोकं चालवलं. शेवटी त्यानं तळहातावर मावेल एवढा आरसा केला. आरशापुढं तांब्याची झडप बसवली आणि बाजूला खाचा पाडलेली चकती. चकती फिरवली की झडप उघडझाप करी आणि खुणेची तिरीप बरोबर उमटे. वैद्य पाहिजे, आग लागली, सगळे सुखरूप, अशा बारा खुणा तिच्यात होत्या. घरच्या अंगणातून कुणीही निरोप धाडू शकलं असतं. त्यानं त्या वस्तूला नाव दिलं, झळकी.

आता झळकीचा निरोप पुढं नेणारी चौकी हवी होती. राज्यात चौक्यांची दोन पथकं होती आणि दोघांच्या खुणा वेगळ्या होत्या. चकतीच्या खाचा कुणातरी एकाच्याच खुणांप्रमाणं पाडाव्या लागणार होत्या.

मोठ्या पथकाचा नाईक स्वतः धाकोजीच्या दारी आला. त्यानं अंगणात कापडावर काढलेला राज्याचा नकाशा पसरला. नकाशाभर लाल ठिपके होते.

"मोजून घ्या," नाईक म्हणाला. "शंभर चौक्या. राज्यात असं एक शिखर नाही जिथं माझा माणूस नाही. राजधानीच्या जत्रेत तुमची झळकी हत्तीवरून मिरवीन. पण सात वर्षं ती दुसऱ्या कुणाच्या खुणांवर चालता कामा नये."

दुसरं पथक सटवाबाई नावाच्या म्हातारीचं होतं. तिच्याकडं धाकोजी आणि त्याची बायको गोजरा चालत गेली. तिच्या चौक्या शिखरांवर नव्हत्या. गावांच्या डोक्यावरच्या बुटक्या टेकड्यांवर होत्या.

"माझ्या चौक्या एकोणीस," सटवाबाई म्हणाली. "त्यातल्या दोन पावसाळ्यात धुक्यात बुडतात. त्यांच्या खालच्या गावांना तुझी झळकी देऊ नकोस बाबा, उगाच फसतील ती माणसं."

परतताना धाकोजी हसला. "स्वतःच्याच चौक्यांची खोड सांगते. हिच्या भरवशावर माझी वस्तू कुठवर जाणार?"

"अहो, तिनं खरं तरी सांगितलं," गोजरा म्हणाली. "तुम्ही एक करा. नाईकाच्या एखाद्या डोंगराखाली उभे राहा आणि झळकी चमकवून बघा. वरून उत्तर येतंय का, ते कळेल."

"अगं, शंभर चौक्या आहेत त्याच्या! त्यात बघायचं काय?"

त्यानं नाईकाला शब्द दिला. चकत्या पाडायचा साचा त्याच्या खुणांचा झाला.

जत्रेत झळकीचा मोठा थाट झाला. राजाच्या हातून पहिला निरोप गेला. समोरच्या शिखरावरचा माणूस त्या दिवशी जत्रेकडंच डोळे लावून होता; निरोप तिथून सरहद्दीपर्यंत पोहोचला आणि पान खाऊन होतं न होतं तोच उत्तरही आलं. लोकांनी आरोळ्या ठोकल्या. बरोबर आणलेल्या सहाशे झळक्या त्या जत्रेतच संपल्या. धाकोजीला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

लोक झळक्या घेऊन आपापल्या गावी गेले. महिनाभरात त्या परत यायला लागल्या. कुणी म्हणे चकती अडकते, कुणी म्हणे आरसा कच्चा आहे. धाकोजी प्रत्येक झळकी उन्हात धरून बघे. सगळ्या धड होत्या. "तुम्हाला वापरता येत नाही," असं सांगून तो त्या परत पाठवी.

मग एके दिवशी भिका कुंभार आला. त्यानं झळकी ओट्यावर ठेवली.

"काय बिघडलं हिचं?" धाकोजीनं विचारलं.

"हिचं काही नाही बिघडलं," भिका म्हणाला. "माझ्या पोरीला साप चावला. वैद्य डोंगरापलीकडच्या गावात. मी चार घटका झळकी चमकवत उभा होतो. वर चौकीत माणूस दिसत होता मला. तो समोरच्या डोंगराकडं बघत होता. खाली त्यानं एकदाही बघितलं नाही. शेवटी पोरीला पाठीवर घेतलं आणि डोंगर चढून पलीकडं उतरलो."

"आणि पोरगी?"

"जगली. पाय गेला तिचा. वैद्य म्हणाला, थोडं आधी आणायला हवं होतं." भिका उठला. "मी भांडायला नाही आलो. पण ही आता घरात नको."

दुसऱ्या दिवशी धाकोजी भिकाच्या गावचा डोंगर चढला. चौकीत एक मध्यमवयीन, साधा माणूस होता. त्यानं धाकोजीला पाणी दिलं, पण नजर समोरच्या शिखरावरून हलवली नाही.

"खालून कुणी चमकवलं तर दिसतं का तुम्हाला?"

"खाली बघितलं तर ना! समोरची एक खूण चुकली की नाईक कामावरून काढतो. आमचे बापजादे समोरच बघत आले. खाली बघायला आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

धाकोजी तिथून तडक नाईकाकडं गेला. नाईकानं सगळं ऐकून घेतलं.

"शंभर चौक्या सांगितल्या होत्या, शंभर दिल्या," तो म्हणाला. "खाली बघायचं कबूल केलं होतं का मी? तुम्ही विचारलंत का?"

धाकोजीनं खरंच विचारलं नव्हतं.

"मला शब्दातून मोकळं करा," तो म्हणाला.

"करतो. पण साचा माझा, झळकी हे नावही माझं. जत्रेत ती मी मिरवली आहे."

सात वर्षांची मेहनत होती. धाकोजीनं घरी येऊन गोजराला सगळं सांगितलं. तिनं मागचं काही उकरून काढलं नाही. "देऊन टाका," ती म्हणाली. "हात तर तुमचेच आहेत ना?"

त्यानं साचा दिला, नावही दिलं. मग तो सटवाबाईकडं गेला आणि खाली मान घालून उभा राहिला.

"आजी, तेव्हा मी तुमच्या चौक्या मोजल्या आणि हसलो."

"एकोणीसच आहेत अजून," ती म्हणाली. "पण माझी माणसं खाली गावाकडंही बघतात. ये, बस. आधी आमच्या खुणा शिकून घे."

पुढच्या वर्षी धाकोजीनं नवा साचा केला. या खेपेला जत्रा नव्हती. तो आणि गोजरा गावोगाव फिरत. ज्याला आरसा हवा असेल त्याच्या अंगणात उभं राहून तो स्वतः चमकवी आणि टेकडीवरून उत्तराची तिरीप येईपर्यंत थांबे. उत्तर आलं तरच आरसा द्यायचा. आलं नाही, तर "तुमच्याकडं हा चालणार नाही" असं सांगून पुढं निघायचं. पहिल्या वर्षी जेमतेम चाळीस आरसे गेले. पण त्यातला एकही परत आला नाही.

चाळीस घरांचं बघून शेजारची गावं सटवाबाईकडं आली. "टेकडी आमची, माणूस आमचा, तू फक्त खुणा शिकव," असं गावकरी तिला म्हणू लागले. एकोणिसाच्या तीस चौक्या झाल्या, मग साठ झाल्या. नाईकाच्या झळक्या मात्र राजधानीतल्या घरांत खुंटीला टांगलेल्या राहिल्या. लोक त्यांत बघून मिशा कातरत. पुढं नाईकालाही कळलं, आणि त्यानं प्रत्येक शिखरावर खाली बघायला एकेक जादा माणूस ठेवला. पण लोक त्याच्याकडं फिरायला फार वर्षं लागली.

तेव्हा लहानथोरहो, एवढं ध्यानात ठेवा: आपलं काम कुणाच्या हाती सोपवायचं असेल, तर त्याचा पसारा मोजत बसू नये, आपल्या हाकेला तो ओ देतो का, ते आधी स्वतः जाऊन पाहावं.